सहा पूर्णांक आठ

सोहारला रात्री दोन वाजता बफर संपला,
मी नळाखाली बाटली धरली.
मीठ काढून घेतलेला समुद्र.
जिभेला काही कळत नाही,
रंगाला कळतं.
स्लाइड निळी आली, सगळीच निळी,
तांबड्या पेशीसुद्धा दौतीत पडल्यासारख्या.

बाप येवल्यात रेशीम रंगवायचा.
विहिरीचं पाणी तोंडात घोळवून थुंकायचा,
म्हणायचा, जड आहे, आज लाल धरायचा नाही.
मला लाज वाटायची
त्याच्या कोपरापर्यंत रंगलेल्या हातांची.
आता माझी बोटं बघा.
लीशमन आठवडाभर जात नाही,
कणीक मळताना खोलीतल्या बायका बघत राहतात.

बाहेर बाकावर समय्या.
सिरोंच्याचा. इथे भट्टीवर हेल्पर.
एकशे तीन ताप, दोन घोंगड्या,
दारातूनच रॅककडे बघून विचारतो,
"ताई, ते निळं माझं काय?"
"नाही. ते माझं चुकलेलं."
"मग अनफिट नाही ना मारणार?"

शिक्का माझ्या हातात नसतो, समय्या.
माझ्या हातात ड्रॉपर असतो.

शम्साने तिच्या खणातून बफरची शेवटची गोळी दिली.
शम्सा, जिच्या स्वतःच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात,
जी आपली काच कुणाला बघू देत नाही.

पुन्हा. मुगाएवढा थेंब, ओढला, वाळवला.
रंग, दोन मिनिटं. मग दुप्पट पाणी,
सहा पूर्णांक आठ.
वर तकाकी धरते
शेणावरच्या हिरव्या माशीच्या पाठीसारखी,
आणि मी दहा मिनिटं काहीच करत नाही.

तेल. शंभराचं भिंग.
तांबडं आता तांबडं आहे,
जांभळं जांभळ्याच्या जागी.
एका पेशीच्या काठाशी
केसाएवढी बारीक निळी अंगठी,
तिला माणकाचा खडा.
शेजारच्या पेशीत दोन.

"पोरीचा साखरपुडा होता," तो सांगत होता,
"पंधरा दिवस गेलतो गावाला.
मच्छरदाणी पाहुण्यांना दिली."

औषध आहे, तीन दिवसांचं,
हे त्याला आधी सांगितलं.
मग रजिस्टर ओढलं
आणि लिहायचं ते लिहिलं.

ती पहिली, निळी स्लाइड
मी अजून फेकलेली नाही.
अंगठ्या तिच्यातही असणार.
पाणी चुकलं होतं, एवढंच.