पूर्वानुभव

इशबेल गेडीस, आर्ब्रोथच्या मासळीबाजारात काट्यापाशी.
रविवारी थडग्यांवरचं शेवाळ
दात घासायच्या ब्रशने काढते.
लोक म्हणतात, छंद.

टेबलावर दोन माहितीपत्रकं.
एक स्वस्त: सहा आठवडे, वर प्रमाणपत्र.
दुसरं दोन वर्षांचं, जुनी लिपी, लॅटिन,
आणि एक अख्खा विषय:
‘सापडलं नाही’ हे कसं लिहावं.

तिथे ती थबकते.
पणजीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत
बापाच्या जागी पाद्र्याची नुसती रेघ.
वीस वर्षं त्या रेघेवर
ती नावं ठेवून बघतेय.

उद्या कुणी पैसे मोजून विचारेल, माझा आजा कोण?
तेव्हा रेघेला रेघ म्हणता आलं पाहिजे.

अर्जात रकाना: पूर्वानुभव.
हॅडकचा वास असलेल्या बोटांनी ती लिहिते,
काटा स्थिर होईपर्यंत
थांबता येतं.