जांभळ्यात हाय

वणीहून निघालो तेव्हा पाठीवर स्कॅनर,
पानाला दीड रुपया ठरलेला,
आणि केंद्रप्रमुखांचा निरोप:
उमरविहिरीची शाळा महिनाअखेर
कागदाविना झाली पाहिजे.

निखाडे बाईंनी कपाट उघडलं.
आत फायली नव्हत्या. गाठोडी होती.
बावीस. मोजली मी.
लुगड्यांचे काठ, पोलक्याची अस्तरं, झेंड्याच्या काठीची जुनी खोळ,
प्रत्येकाला दोन गाठी, वरची सैल,
खालची फक्त बाईंच्या दातांना सुटणारी.
पोषण आहाराच्या नोंदींना तूरडाळीचा वास.
दाखल-खारीज रजिस्टर वाळवीनं
पंचफुला गेडामपासून पुढं खाल्लेलं,
आत्राम सगळे गेले, एक लाडकू उरला,
तोही अर्धा.
"सांभाळून पलटव बावा,
त्याले नोकरीसाठी दाखला लागन अजून."

वीज दुपारी जायची.
मग आम्ही कागदांतल्या टाचण्या उपटत बसायचो.
रुखमाबाई टेकाम खिचडीचा गंज उतरवून यायची,
टाचण्या एका डब्यात गोळा करायची.
कशाला, ते सांगायची नाही.

मी हुशारीनं फोल्डर केले:
वर्ष, त्यात महिना, त्यात विषय,
नावं प्रार्थनेच्या रांगेसारखी, हातभर अंतरावर.
चौथ्या दिवशी म्हटलं, बाई, आता तुम्ही काढा.
दोन हजार अकराचं पटनोंदणीचं पत्र.
बाईंनी माउस टेबलाच्या कडेपर्यंत नेला
आणि थांबल्या,
विहिरीत बादली सुटल्यासारख्या.
"अकरा म्हंजे कोणतं रे?
पाण्याची टाकी फुटली ते का?
ते तं जांभळ्यात हाय."

वर्ष म्हणजे वर्ष, बाई, मी म्हणालो.
त्यांनी मान हलवली आणि कपाटाकडं गेल्या,
तिसऱ्या फळीवर, डाव्या अंगाला हात ठेवला.
फळी रिकामी होती.

रात्री मुक्काम शाळेतच.
स्क्रीनच्या उजेडाला किडे.
मी मोकळी फडकी घडी घालत होतो,
काय झालं कोण जाणे,
एकेका फोल्डरचं नाव पुसलं.
लिहिलं: जांभळं.
लिहिलं: हिरव्या काठाचं.
लिहिलं: रुखमाबाईच्या जुन्या लुगड्याचं.
लिहिलं: पिवळं, डाळीच्या वासाचं.
आतली वर्षं तशीच ठेवली, साहेबांपुरती.

साहेब सोमवारी आले, चष्मा कपाळावर.
"पोषण आहार. दोन हजार सतरा. ऑगस्ट."
बाईंनी डोळे किंचित मिटले,
पिवळं उघडलं.
तांदूळ, तूरडाळ, मीठ, सह्या.
चार सेकंद. घड्याळ पाहिलं मी.
साहेबांनी फोल्डरचं नाव दोनदा वाचलं,
विचारावं की न विचारावं अशा चेहऱ्यानं
चहाचा कप उचलला.

एक गाठोडं मात्र बाईंनी सोडू दिलं नाही.
मळकट पांढरं, खालच्या खणातलं.
"याचे पैसे नको लावू. हे राहू दे."
आत काय आहे?
"पोट्ट्यायनं लिवलेली माफीपत्रं.
चिंचा पाडल्या, शाई सांडवली, शाळेतून पळून गेलो.
आता बापे झाले सारे.
कोणी मशीनवर पाह्यलं तं?"

चार हजार एकशे बारा पानं.
हिशोब झाला, पावती मोबाइलवर गेली.
निघताना रुखमाबाईनं डबा हातात दिला.
मला वाटलं, चिवडा.
टाचण्या होत्या,
वाकलेल्या, गंजलेल्या, काही अजून सरळ.
"तुह्या दुकानात लागन," म्हणाली.
माझ्या दुकानात कागदच नाही, हे
सांगायचं राहून गेलं.

मोहदा फाट्यापर्यंत
एसटीत मांडीवर डबा खुळखुळत होता.
शेजारचा म्हातारा म्हणाला,
पोराले खेळणं नेता का?