बाब क्रमांक चौदा

तळघरात बारा महिने एकच ऋतू:
पासष्ट अंश, कोरडा.
वर, हार्लन फॉर्क्सच्या सपाटीवर, वारा
धान्याच्या उंच कोठारांना धडका देत असतो.
खाली ऐकू येते ती फक्त
ओलावा मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक.

नियामक मंडळ. आठ महाविद्यालयं, सत्तर वर्षं,
दोनशे सहा खोकी.
मी गंजलेल्या टाचण्या काढते.
कागदावर त्यांचे तांबूस डाग राहतात,
ते तसेच ठेवायचे, असा नियम आहे.

इतिवृत्ताची भाषा एव्हाना जिभेवर बसली आहे.
सूचक अमुक, अनुमोदक तमुक.
गणसंख्या पुरी.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.
बॉयलरसाठी कोळसा: मंजूर.
मेल्हॉर्न बेकरीवाल्याची विनंती,
मुलीच्या फीऐवजी वसतिगृहाला रोज चाळीस पाव:
मंजूर, एका वर्षापुरती.
(इथे मी टाचणी काढायची विसरले होते.)
गोठ्याचं छप्पर: तहकूब.
पुन्हा तहकूब. पुन्हा.
पुढे छपराचा उल्लेखच नाही,
बहुतेक ते आपलं आपणच निकाली निघालं.

मंगळवारी ऑर्विल स्टेनसेट आले.
ऐंशीच्या पुढचे, जन्मभर ट्रक चालवलेले,
बुटांवरचा बर्फ दारात झटकून, टोपी हातात.
"आत्या गणित शिकवायची," म्हणाले.
"एका वसंतात सामान घेऊन घरी आली.
मग पोस्टात तिकिटं विकली, तीस वर्षं.
आम्ही विचारलं नाही.
तीही बोलली नाही."

एप्रिल, एकोणीसशे बावन्न. पान एकशे अकरा.
बाब क्रमांक चौदा:
कु. राग्ना स्टेनसेट यांच्या नेमणुकीचे
नूतनीकरण न करण्याचे ठरले.
चर्चा झाली.
एकमताने.

त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं,
मग खालच्या कोऱ्या जागेवरूनही.
"चर्चा झाली," ते म्हणाले, "म्हणजे काय झालं?"

मी खोकं एकशे नव्वद आणलं.
थियोडोरा क्विगली, मंडळाची लघुलेखिका.
तिच्या वह्या फेकायला कोणी धजलं नाही
आणि वाचायला कोणाला येत नाहीत.
मला थोड्या येतात. दोन हिवाळे घातले मी
त्या काना ना मात्रा रेघांमागे.

तीच तारीख. तीच बाब.
चर्चेचं एक अक्षर नाही,
पेन्सिल खाली ठेवायला सांगितलं असावं.
पण समासात, मुंगीएवढं:
ती बाहेर बाकावर आहे. सकाळी नवापासून.
मांडीवर मुलांच्या वह्या.
आत बोलावलं नाही.
चार वाजता मी पाणी नेऊन दिलं.

मी वाचलं.
मग दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा वाचलं,
कारण त्यांना उजव्या कानानेच ऐकू येत होतं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
"पाणी दिलं," एवढंच, एकदा.

छायाप्रतीचे पंचवीस सेंट त्यांनी सुटे मोजून दिले.
अर्जात 'उद्देश' नावाचा रकाना असतो,
लोक लिहितात संशोधन, प्रबंध, वंशावळ.
त्यांनी पेन टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका फुगत गेला,
मग लिहिलं: घरचं.

बाक अजून आहे, मी सांगितलं. वरच्या मजल्यावर, ओकचा.
मुलं त्यावर बसून फोन चार्ज करतात.
समोरच्या सभागृहाच्या खोलीत आता
झाडू आणि बादल्या असतात.

पाचला कुलूप लावून वर गेले
तर ते बसलेले, दाराकडे तोंड करून,
गुडघ्यावर टोपी, टोपीवर घडी घातलेला कागद.
शेवटची बस सव्वापाचला आहे, मी म्हटलं.
"माहीत आहे," ते म्हणाले,
आणि जरा सरकून बसले.