बोगद्याच्या मध्यावर

फिलाखच्या तिकीट खिडकीत हेडविग कार्ड सरकवते.
ज्येष्ठांचं, कोपरा झिजलेलं,
फोटोत केस अजून तपकिरी.
आतली मुलगी सांगते, "निम्मं भाडं
सीमेपर्यंतच हं. पुढचं पूर्ण पडेल."
दर गुरुवारी सांगते.

सीमा म्हणजे काय, तर बोगद्यातला अंधार.
ना फाटक, ना शिपाई.
रोझेनबाख मागे पडलं की कानांत दडे बसतात,
काचेत आपलाच चेहरा येऊन बसतो,
आणि आठेक किलोमीटरांत कुठेतरी
कार्डाचं नुसतं प्लास्टिक होतं.

पहिल्या वर्षी ती वाद घालायची:
"माझं वय काय डोंगराखाली उतरवून ठेवू?"
येर्नेय, पलीकडचा तपासनीस, खांदे उडवायचा.
"आमच्याकडे तुमच्या म्हातारपणाची नोंद नाही, बाई."

ते वाक्य तिनं घरी नेलं.
भांडी घासताना एकटीच हसली.

आता भांडत नाही.
अंधार सुरू झाला की कार्ड पाकिटात,
पाकीट पिशवीच्या तळाशी, खसखशीच्या केकखाली.
मग अंदाजानं लिपस्टिक. डबा हलतो,
ओठाबाहेर जरा जातंच.

येसेनित्सेला लोयझे उभा असतो
सायकल धरून. चालवत नाही हल्ली, गुडघा.
नुसती आधाराला आणतो.
"फार महाग पडतं का गं, दर आठवड्याला?"
"पडतं की. पूर्ण भाडं," ती म्हणते,
"इथं मी कुठे म्हातारी?"

परतीची गाडी सहा चाळीसला.
तिचं तिकीट
ती अजून काढत नाही.