घट

विट्यात, मायणी रोडच्या कार्यालयात
पोळ सरांनी माईक माझ्या हातात दिला
आणि कानात म्हणाले, दोनच मिनिटं हं,
आमदारांची गाडी नाक्यावर आलीय.

खिशात पावतीबुकाचं पान होतं,
पाठीमागं आकडे घालून पाच विनोद,
एर्नाकुलमच्या दुकानात, भट्टी निवल्यावर लिहिलेले.
तिथं वाचून दाखवले तर कारागीर पोट धरून हसला होता.
त्याला मराठी येत नाही.

पहिला नवरदेवावर.
म्हटलं, तासगावचं स्थळ आलं, विचारलं मुलगा काय करतो,
कळलं, बेदाणा करतो.
म्हटलं, देऊन टाका.
सुरकुत्या पडल्यावर भाव वाढतो हे ज्याला ठाऊक आहे
त्याच्या घरी पोरगी खुशाल म्हातारी होऊ दे.

मांडव गप्प.
आचाऱ्याच्या हातातनं एक झाकण पडलं, ते गोल गोल फिरत राहिलं.
मग मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी
शेजाऱ्याला ओरडून विचारलं,
कशाचा भाव वाढला म्हणला?
तेव्हा हसले सगळे.
विनोद माझा, हशा त्यांचा.

दुसरा मामांवर होता.
मामा पुढंच बसले होते, फेटा कपाळावर घसरलेला,
कालच बीपीची गोळी बदललेली.
सोडून दिला.

तिसऱ्यावर मी आधीच काट मारली होती.
तोच सगळ्यात चांगला.
कराडचं स्थळ, सुपारी फुटलेली,
आणि त्यांनी मागितलेली चारचाकी.
तेजूनं कुरिअर केलं,
खोक्यात बोटभर प्लास्टिकची गाडी
आणि चिठ्ठी: चावी द्यायची, मग पळते.
त्यानंतर तीन महिने नाना तिच्याशी बोलले नाहीत.
आमच्या घरात त्या गाडीवर अजून कुणी हसलेलं नाही.
पहिल्या रांगेत तिच्या नव्या सासूबाई,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
तेजू माझ्याकडं बघत होती.
डोळ्यांत नको होतं की सांग होतं,
मुंडावळ्यांमुळं कळेना.

म्हणून मी चौथ्यावर उडी मारली.
म्हटलं, ही जन्मली तेव्हा नानांनी
दवाखान्याच्या काट्यावर विश्वास ठेवला नाही.
दुकानात आणून चांदीच्या तराजूत घातली
आणि रोजमेळात लिहिलं,
दोन किलो सहाशे चाळीस.
माल घरचा. विकणे नाही.

कुणी हसायच्या आत
खुर्चीतनं नानांचा आवाज आला, माईकशिवाय,
"सहाशे बेचाळीस."

मग काय.
मांडव उसळला, वाजंत्रीवाल्यानं उगाच एक थाप मारली,
मामांचा फेटा सुटला,
आणि नानांनी उपरणं तोंडावर घेतलं
ते बराच वेळ काढलंच नाही.
खांदे हलत होते. हसण्यानंही हलतात.

पाचवा राहिला. आमदार आले.
लग्न म्हणजे युती, म्हणाले,
हे ते प्रत्येक लग्नात म्हणतात,
आणि सगळे हसले, अगदी वेळेवर.

आमच्या धंद्यात घट धरावी लागते.
कितीही जपून वितळवा, थोडं धुरात जातं, थोडं मुशीला चिकटतं.
पाचातला एक हाती लागला,
आणि तोही शेवटी नानांनीच पुरा केला.

पाठवणीला गाडीची काच खाली करून तेजू म्हणाली,
"तिसरा का नाही सांगितलास?"
चेहरा रडून सुजलेला, आवाज मात्र भांडायला आलेला.
तुला कसं कळलं, म्हटलं.
"तू पानाकडं बघून गप्प झालास.
एवढा गप्प तू त्याच गाडीला होतास."
म्हटलं, तो तुझा आहे. तू सांग.
शेजारी सासूबाई. त्यांनी विचारलं, कुठली गाडी गं?

काच वर गेली.
गाडी तासगावच्या रस्त्याला लागली.
वळण अजून लांब होतं, समोर कुणी नव्हतं,
तरी मागचे लाल दिवे एकदम लागले,
बराच वेळ लागलेले राहिले,
आणि नाना मला म्हणाले,
ब्रेक का मारला रं त्यांनी?