एकोणीस किलो

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात
मी तळहातानं दाबली, तर स्प्रिंग खाली गेली.
देवयानी बसली, तर हललीच नाही.
वर कुणी बसलंय
हे स्प्रिंगच्या गावीच नव्हतं.

"पोरगी एकोणीस किलोची, सायकल सोळाची,"
बाबालाल मिस्त्री म्हणाला,
"कोण कुणाला ओढणार, सांगा की."

तरी मी किंमत विचारलीच.
पुढं दोन, मागं एक, लालभडक.
खरं सांगायचं तर
मन माझंच बसलं होतं तिच्यावर.

रविवारी टेंबलाईचा उतार.
आतेभावाला लहान झालेली साधी सायकल,
घंटीसुद्धा नसलेली.
खड्डा आला.
मी "अगं" म्हणेपर्यंत
ती सीटवरून उठली होती,
गुडघे वाकलेले, कोपरं सैल.
खड्डा तिच्या पायातून वर चढला
आणि खांद्यापर्यंत पोचायच्या आत
विरला कुठंतरी.

कुणी शिकवलं हे?

खालून तिची हाक, "पप्पा, परत!"

मी मागनं पळत आलेलो,
कमरेत कळ.
बाबालालला विचारलं पाहिजे,
चाळिशीतल्या माणसाला
बसवून मिळतात का
दोन-तीन, लालभडक.