आहेराची कॅसेट

सेलूला आमच्या गल्लीत दुपारी तीनला
स्टॅबिलायझर एकदा कण्हतो, मग गप्प बसतो.
तेव्हाच येतो, मुनीर म्हणाला होता.
शेतातल्या मोटारी बंद असतात,
व्होल्टेज जरा माणसात असतं.

टेबलावर दोन अ‍ॅम्प्लिफायर.
एक माझा, व्हॉल्व्हचा, भाड्याच्या धंद्यातला,
पत्र्यावर अजून पुसट 'नृसिंह साउंड सर्व्हिस'.
दुसरा मुनीरनं जोडलेला, ट्रान्झिस्टरचा,
पाठीवर अ‍ॅल्युमिनियमच्या फासळ्या.
मधे एक खटका. वर केला की माझा, खाली की त्याचा.
स्पीकर तोच, बारा इंची,
कडेला उसवलेला, खळीनं चिकटवलेला.

मुनीरनं मीटर लावून दोघांना एका पातळीवर आणलं.
"मोठ्यानं वाजतो तो गोड वाटतो, काका.
माणसाचंही तसंच."

त्याचा दाबला की तयार.
माझ्याला वेळ लागतो.
आधी काचेत एक तांबूस ठिपका,
फुंकलेल्या निखाऱ्यासारखा हळूहळू पसरणारा,
मग धूळ जळाल्याचा वास,
मग गुणगुण,
मग कुठं आवाज.
यमुना तेवढ्यात चहा ठेवून येते.
तिचं आधण आणि माझे व्हॉल्व्ह
लग्नापासून बरोबरच तापतात.

कॅसेट एकच. वालूरचं लग्न, ब्याऐंशीचा उन्हाळा,
भोंग्याच्या लाइनवरूनच टेप केलेली.
माइकवर मी. आहेर वाचतोय.
खंडेराव डुकरे, अकरा रुपये.
गुंडाबाई काष्टे, पातेलं झाकणासह.
तुळशीराम मगर, ढेंगळीकर, सतरंजी एक.

खटका वर.
मी चोवीस वर्षांचा आहे,
आवाज छातीतून येतो, कडा गोल झालेल्या,
पत्र्याच्या भोंग्यालाही जसा पाक लागलाय.

खटका खाली.
माझी जीभ दाताला लागते ते ऐकू येतं.
यादीचा कागद फडफडतो.
पंगतीत कुणी "वरण, वरण" करत पुढं जातं.
"एवढं सगळं होतं होय तिथं?"
"होतंच की," मुनीर म्हणाला,
"तुमचा व्हॉल्व्ह जरा आडपडदा ठेवतो."

यमुनाला पाठमोरी बसवली. ओळख, कोणता कोणता.
चौदापैकी सात बरोबर.
"छापा-काटा केला असता तरी एवढंच," मुनीर हसला.
ती म्हणाली, मला ते तुमचं कळत नाही,
पण सतरंजीनंतर तुम्ही थांबता ना,
श्वास घेतल्यासारखं,
ते मला पहिल्यापासून आवडतं. तेवढं लावा परत.

लावलं.
वर: थांबणं. ऊब. गुणगुण.
मांडवात दुपार पातळ होऊन पसरलेली.
खाली: थांबणं.
आणि थांबण्याच्या आत, माइकपासून हातभर लांब,
नवरीच्या चुलत्याचा आवाज:
"ते नाव राहू द्या."

पुन्हा खाली. पुन्हा.
"राहू द्या."
मग माझं खाकरणं, आणि
थोरल्या जावयाकडून मनगटी घड्याळ.

तेव्हा आठवलं.
शिसपेन्सिलीनं होतं ते नाव, यादीच्या अगदी कडेला.
मांडवाबाहेर, माझी वायर ज्या खांबाला बांधली होती तिथं
ती उभी होती, भोंग्याखाली, मान वर करून,
नवरीची नाळ कापलेली बाई.
भोंगा पुढं निघून गेला.
ती थोडा वेळ तशीच.

आणि मी त्या जागेला
इतकी वर्षं आवाजातला गोडवा समजत होतो.

मुनीर खटका आणि वायरी पिशवीत भरून गेला.
कोणता चांगला, हे त्यानं विचारलंच नाही.
पाचला मोटारी सुरू झाल्या,
काचेतला विस्तव बारीक झाला.
यमुना म्हणाली, बंद करा आता.
केले. दोन्ही.
एक लगेच मेला,
दुसरा निवताना बराच वेळ टिकटिकत राहिला.

मग मी बोललो, पूर्वी माइकवर बोलायचो तसा,
सावकाश, आडनावासकट:
गयाबाई सोनकांबळे, वालूर.
पितळी तांब्या, एक.